वाचकांचे प्रश्न : वृद्धनिवास आणि कुंपणापलीकडचं गाव

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. धर्मादाय संस्थेने चालवलेला ज्येष्ठांचा निवास आपल्या परिसराच्या उपयोगी कसा पडेल, हा तो विषय. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी विचारलेले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या न्यासाच्या निवासात ४० ज्येष्ठ राहतात. दरवर्षी शाळेत वह्या वाटतो, एक आरोग्य शिबिर घेतो. तरी गावात बोललं जातं, 'तो मुंबईकरांचा आश्रम, आपला काय संबंध?' आणखी काय करावं? (एक विश्वस्त, दापोली तालुका)

वह्या वाटू नका असं नाही, पण तो वर्षातला एक दिवस झाला. उरलेले ३६४ दिवस गावाला तुमची फक्त गाडी आणि गेट दिसतं. सुरुवात स्वयंपाकघराच्या बिलापासून करा.

माणशी दिवसाला पावणेदोनशे ग्रॅम तांदूळ धरला तर ४० जणांना रोज ७ किलो लागतो, वर्षाला जवळजवळ २५ क्विंटल. म्हणजे ३८ क्विंटलच्या आसपास भात. तो आज तालुक्याच्या दुकानातून पोत्याने येत असेल, तर निम्मा तरी वाडीतून घेता येतो. नारळ, आमसूल, कुळीथ, नाचणी, तिरफळं, पोहे, फेण्या यांचंही तसंच. एखाद्या बचत गटाला वर्षभराचं गिऱ्हाईक मिळणं हे दहा सत्कारांपेक्षा मोठं आहे.

यात बिघडतं कुठे, तेही सांगतो. पहिलं, पैसे. दुकानदार महिनाभर थांबतो, गटातल्या बाईला थांबणं परवडत नाही. बिल कार्यकारिणीच्या सभेपर्यंत अडकलं की दुसऱ्या खेपेला माल येत नाही. त्यामुळे व्यवस्थापकाला ठरावाने खर्चाची मर्यादा द्या आणि आठ दिवसांत पैसे खात्यावर जमा होतील असं पाहा. दुसरं, ओलावा. भात नीट वाळलेलं नसेल तर जूनमध्ये तांदळाला सोंडे आणि बुरशी धरते. साठवणीच्या धान्यात ओलावा १४ टक्क्यांच्या आत हवा. यंत्र नसेल तर दाणा दाताखाली धरून पाहा : वाळलेला कट्‌कन तुटतो, ओला चेपतो. तिसरं, आमसूल. मीठ जास्त लावून वाळवलेलं आमसूल वजनाला भरतं आणि रक्तदाब असलेल्यांना नको असतं. गटाला मे महिन्याच्या आधीच सांगून तुमच्यासाठी कमी मिठाचं वेगळं करून घ्या. ते थोडं महाग पडेल, पडू द्या.

दुसरी जागा म्हणजे नोकऱ्या. ४० ज्येष्ठांमागे स्वयंपाक, सफाई, रात्रपाळी धरून वीसच्या आसपास माणसं लागतात. ती पंचक्रोशीतली असतील, त्यांना उचलणं-वळवणं, जखमेची निगा, औषधांची वही हे नीट शिकवलं असेल आणि पगार कायद्याप्रमाणे असेल, तर ती गावात राहतात. पगार कमी देऊन 'सेवा आहे' म्हणायचं, हा आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांचा दोष आहे. माणसं १० झाली की कर्मचारी राज्य विमा आणि २० झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो का, हे सल्लागाराला विचारून घ्या.

आणि काहीही नवं सुरू करण्याआधी संस्थेच्या घटनेतला 'उद्देश' वाचा. तिथे फक्त 'वृद्धाश्रम चालवणे' एवढंच असेल तर गावासाठी अभ्यासिका किंवा पाण्याची योजना यावरच्या खर्चाला लेखापरीक्षक हरकत घेऊ शकतो. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल तर उद्देश बदलायला तीन पंचमांश मतं लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत तेवढ्याच मतांनी तो कायम करावा लागतो. बदलाची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करायची आणि आयकर खात्याकडे ३० दिवसांत अर्ज करायचा. ही शेवटची मुदत हमखास चुकते.

प्रश्न : आम्ही महिन्याचे पैसे भरून इथे राहतो. आमच्या पैशातून गावाची कामं का? (एक निवासी, रत्नागिरी)

प्रश्न रास्त आहे. निवासाचं मासिक शुल्क तुमच्या जेवणा-निगेसाठीच आहे. प्रवेशाच्या वेळी घेतलेली परतीची ठेव तर संस्थेची नव्हेच, ती ठेव ठेवणाऱ्याची रक्कम आहे. तिला गावाच्याच काय, इमारतीच्या रंगाच्या कामालाही हात लावू नये. गावाच्या कामासाठी वेगळं खातं, वेगळी पावतीपुस्तकं आणि त्यासाठी म्हणून मागितलेली देणगी, एवढं पाळलं तर वाद राहत नाही. वार्षिक हिशेबात हे दोन रकाने वेगळे दाखवा, असं तुम्ही लेखी मागू शकता. मागाच.

देणगीदारांनी लक्षात ठेवायचं एवढंच, की करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका.

प्रश्न : रुग्णोपयोगी साहित्य गावाला वापरायला द्यायचं आहे. काय आणि किती घ्यावं? (व्यवस्थापक, गुहागर तालुका)

कोकणात एखाद्या वृद्धनिवासाने कराव्या अशा कामांत आम्ही हे पहिलं ठेवतो. इथल्या घरांत म्हातारी माणसं एकेकटी आहेत, मुलगे मुंबई-पुण्याला, आणि पडलेल्या आजींना वॉकर हवा असतो तो आज संध्याकाळी. पाच-सहा वाड्यांसाठी सुरुवातीला ६ वॉकर, ४ कमोड खुर्च्या, ३ व्हीलचेअर, ३ हवेच्या गाद्या (अंथरुणाला खिळलेल्यांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून) आणि शक्य झाल्यास प्राणवायूचं एक यंत्र (ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर) पुरे. पलंगाची घाई करू नका. तो जड असतो आणि पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, चार माणसांनी उतरवावा लागतो. घ्यायचाच तर सुटे भाग होणारा घ्या.

व्हीलचेअर देण्याआधी दाराचं माप मागवा. खुर्ची बाहेरून २४ ते २६ इंच भरते. जुन्या घरांतली माजघराची, न्हाणीघराची दारं याहून अरुंद निघतात आणि उंबरठा असतो तो वेगळाच. अशा घरात व्हीलचेअर पडवीतच राहते आणि तिच्यावर कपडे वाळत पडतात. तिथे कमोड खुर्ची जास्त कामाची, कारण संडास बहुतेकदा परड्यात, म्हणजे घरामागच्या आवारात, आणि पावसाळ्याच्या रात्री तिथवर जाणं म्हणजेच पडणं.

वॉकर घरी पोचवून उपयोग नाही, तो मापाला लावून द्यावा लागतो. माणसाला पायात नेहमीच्या चपला घालून सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. मनगटाची रेघ आणि वॉकरची मूठ एका उंचीवर यायला हवी. मग मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकतं, १५ ते २० अंशांत. उंच ठेवला तर खांदे वर जातात, ठेंगणा ठेवला तर माणूस पुढे झुकतो. चारही पायांची खिट्टी एकाच भोकात आहे ना, हे मोजून पाहा. एक पाय एका भोकाने कमी राहिला तरी वॉकर डुगडुगतो आणि दोष म्हातारीच्या तोलाला दिला जातो. खालचे रबरी बूट जांभ्याच्या खळ्यावर (अंगणात) फार लवकर झिजतात. आतली नळी दिसू लागली की तो वॉकर ओल्या लादीवर घसरणारच. बूट काही महागाची वस्तू नाही. डझनभर आणून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी बदला.

हवेची गादी नेहमीच्या गादीच्या वर अंथरायची, तिच्यावर फक्त पातळ चादर. माणसं मायेने वर गोधडी घालतात आणि सगळा फायदा जातो. हवा पुरेशी आहे का, हे पाहायला रुग्णाच्या कमरेखाली, गादीच्या खालून तळहात सरकवा. अंग आणि हात यांच्यात इंचभर तरी हवा लागली पाहिजे. गादी आहे म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही, दर दोन तासांनी बदलायचीच. पंप अगदी थोडी वीज घेतो, त्यामुळे वीज गेली तर घरातला छोटा इन्व्हर्टरही त्याला रात्रभर पुरतो. नळ्या मात्र भिंतीलगत लोंबू देऊ नका, उंदीर कुरतडतात.

प्राणवायूचं यंत्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, आणि मिनिटाला किती लिटर हे चिठ्ठीत लिहिलेलं असावं. दम्या-खोकल्याच्या जुन्या आजारात जास्त प्राणवायूही घातक ठरतो. पाच लिटरचं यंत्र ३०० ते ४०० वॉट वीज घेतं, साध्या इन्व्हर्टरवर ते फार टिकत नाही. त्यामुळे सोबत भरलेला सिलिंडर कुठून मिळेल याचा नंबर द्या. स्पंजची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवायची. देवघरातला दिवा, उदबत्ती, चूल, विडी यांपासून यंत्र आणि रुग्ण दहा फूट लांब. हे घरच्यांना तोंडी सांगून भागत नाही, कागद भिंतीला चिकटवा. आणि यंत्र तुमच्याकडे पडून असेल तेव्हा महिन्यातून एकदा तरी काही तास चालवा. आतली चाळणी दमट हवेत ओलावा धरते आणि मग गरजेच्या दिवशी धोक्याचा दिवा लागतो.

खाऱ्या हवेचा हिशेब खरेदीतच करा. रंग दिलेल्या लोखंडी कमोड खुर्च्या जोडाच्या जागी आधी गंजतात. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस घ्या, स्क्रूसुद्धा. परत आलेली वस्तू साबणाने धुवा, मग पुसा. घरगुती ब्लीच चार-पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग ब्लीचला चाळीस ते पन्नास भाग पाणी. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवा. धातूवर ब्लीच तसंच राहिलं तर गंज तुम्हीच आणलात.

परत मागण्याचीही एक रीत आहे. अनामत किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढी, मुदत तीन महिने, गरज असेल तर वाढवून. रुग्ण वारला असेल तर तेराव्यापर्यंत विचारू नका, चौदाव्या दिवशी माणूस पाठवा. त्याहून उशीर केला तर घर बंद करून मंडळी मुंबईला गेलेली असतात आणि तुमचा वॉकर आत, कुलपामागे. 'मयताच्या घरून आलेलं' साहित्य पुढच्या घरी नको असतं, हेही खरं. व्हीलचेअरचं आसन आणि कमोडचं भांडं नवं बसवून दिलं तर तो प्रश्न बहुधा सुटतो.

प्रश्न : वाडीतल्या एकट्या ज्येष्ठांना डबा सुरू करायचा विचार आहे. किती अवघड? (महिला मंडळ, देवगड तालुका)

स्वयंपाक अवघड नाही, पोचवणं अवघड. दहा डब्यांपासून सुरू करा आणि फक्त दुपारचा. दहा जणांना तांदूळ ६०० ग्रॅम, मूगडाळ ३०० ग्रॅम, निवडलेली भाजी १ किलो, पोळ्यांना अर्धा किलो कणिक पुरते. भात नेहमीपेक्षा मऊ, भाजी बारीक चिरलेली. साखरेचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचं डॉक्टरांना विचारून वेगळं लिहून ठेवा आणि डब्याच्या झाकणाला रंगीत फीत बांधा, नावाच्या चिठ्ठ्या वाफेने निघतात.

ओल्या खोबऱ्याचं वाटण डब्यात टाळा. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते दोन-तीन तासांतच आंबायला लागतं, आणि आजी अर्धी आमटी रात्रीसाठी ठेवणार हे धरूनच चाला. साधं वरण, कुळथाची पिठी, पालेभाजी चालते. सोलकढी नको. महिन्यातून दोनदा मासळी दिलीत तर डबा घेणाऱ्यांची यादी आपोआप वाढेल. सुरमईची तुकडी द्या, काटा काढून. सव्वाअकराला डबे भरून साडेबारापर्यंत शेवटचा दारात, एवढ्या टप्प्यातलीच घरं घ्या.

फुकट डबा मानी माणूस घेत नाही, किंवा घेतो आणि कुत्र्याला घालतो. परवडेल तेवढे पैसे घ्या, नाहीतर परड्यातले नारळ, शेवग्याच्या शेंगा, आंबे घ्या, पण वस्तूंची नोंदवही ठेवून पावती द्या.

डबा नेणाऱ्याकडे आणखी एक काम आपोआप येतं. कालचा डबा धुऊन पायरीवर नाही, हाकेला ओ नाही, की त्याने तिथून हलायचं नाही. आधी शेजारी, मग मुंबईच्या मुलाला फोन, दार आतून बंद असेल तर पोलीस पाटील, आणि रुग्णवाहिकेला १०८. हे नंबर निवासाच्या वहीत आणि डबेवाल्याच्या खिशात, दोन्हीकडे हवेत.

प्रश्न : निवासात परिचारिका आहे. आठवड्यातून एकदा गावकऱ्यांचा रक्तदाब मोजला तर? (सावंतवाडी)

जरूर. मात्र पाखाडी चढून आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधू नका. पाठ टेकून, पाय जमिनीला, पाच मिनिटं बसवा. अर्ध्या तासात चहा-विडी नको, लघवी अडवून बसलेला नको. हात काळजाच्या उंचीला टेकलेला, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. काटकुळ्या दंडाला नेहमीचा पट्टा मोठा होतो आणि आकडा खोटाच कमी येतो. दंडाचा घेर २२ सेंटिमीटरच्या आत असेल तर लहान पट्टा ठेवा. ज्यांना उठताना चक्कर येते त्यांचा उभं करून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने उतरला तर पडण्याचा धोका आहे, डॉक्टरांना कळवा. १४०/९० च्या वर वारंवार आलं तर आरोग्य उपकेंद्राकडे चिठ्ठी, १८०/१२० च्या वर आणि छातीत दुखणं, धाप किंवा तोंड वाकडं असेल तर थेट १०८. निवासाने औषधं बदलून द्यायची नाहीत, 'अर्धी गोळी घ्या' एवढंही सांगायचं नाही.

प्रश्न : वादळात आमची इमारत गावासाठी खुली करायची आहे. किती माणसं घेता येतील? (श्रीवर्धन)

३ जून २०२० ला निसर्ग वादळ तुमच्याच किनाऱ्याला लागलं, तेव्हा कौलं-पत्रे उडालेल्या घरांतल्या माणसांना पक्क्या स्लॅबखालची जागा हवी होती. भावना बरोबर आहे, पण आकडा आधी मांडा. निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट जागा धरतात. तुमचं सभागृह १,२०० चौरस फुटांचं असेल तर ३१ माणसं. दोनशे माणसं लिहून दिलीत तर त्या रात्री गोंधळ तुमच्याकडेच होईल. दर २० जणांमागे एक संडास, माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. ३१ जणांना ४६५ लिटर, शिवाय तुमचे निवासी. दोन हजारांच्या टाकीवर हे दोन दिवसही निघत नाहीत, म्हणून विहिरीवर हाताने ओढायचा रहाट शाबूत ठेवा, पंप विजेविना काही कामाचा नाही.

बाहेरून येणाऱ्यांची वाट आणि संडास निवाशांपेक्षा वेगळे ठेवा. एका खोकल्याच्या साथीने निवासातली चार माणसं जाऊ शकतात. निवाशांची औषधं मे अखेरीस पंधरा दिवसांची जादा भरून ठेवा, इन्सुलिनसाठी बर्फाची पेटी. ही सगळी माहिती ग्रामपंचायतीच्या आपत्ती आराखड्यात लेखी द्या. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७.

पाणी ओसरल्यावर, किंवा तसंही पावसाळाभर, विहिरीचं शुद्धीकरण हे ग्रामपंचायतीचं काम असतं. तुमची मदत म्हणजे ते चुकू न देणं. हिशेब असा : विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर असेल तर पाणी साधारण १४,००० लिटर. हजार लिटरला चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे ३५ ग्रॅम. उघड्या पोत्यातली पावडर पावसात मरते, तिला जास्त लागते, आणि क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेलेली वापरूच नये. बादलीत पावडरीची पेस्ट करून पाणी घाला, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन दोरीने विहिरीत सोडा आणि वरखाली हलवा. चुना विहिरीत ओतायचा नाही. रात्री शेवटची घागर गेल्यावर हे करावं. तासाभराने, नाहीतर सकाळी पहिल्या घागरीआधी, ओटी टेस्ट (नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन तपासणं) घ्या : पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर पावडर कमी पडली. ही तारखेची वही ठेवायला निवासातले एखादे निवृत्त पोस्टमास्तर किंवा शिक्षक उत्तम. त्यांची वही चुकत नाही आणि ग्रामसेवकालाही ते सोडत नाहीत.

प्रश्न : निवासातल्या निवृत्त शिक्षकांनी मुलांची शिकवणी घ्यावी का? (मालवण)

घ्यावी, ज्यांना हौस आहे त्यांनीच. उघड्या पडवीत, दोन मोठी माणसं हजर असताना, पालकांच्या लेखी संमतीने, आणि अंधार पडण्याआधी मुलं घरी पोचतील अशा वेळेला. सहा-सातच्या वर मुलं नकोत, ऐकायला कमी येणाऱ्या गुरुजींना गलका झेपत नाही. गणित-इंग्रजीच्या मागे लागण्याआधी रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचून घ्या. मुलं मालवणीत उत्तर देतील, त्यांना थांबवू नका. परीक्षा संपल्या की वर्ग बंद ठेवा, मे महिन्यात मुलं आंब्याच्या बागेतच सापडतात.